सी लायब्ररी वापरताना अनडिफाइन्ड रेफरन्स: पाथ दिलाय, लायब्ररी दिलीये, तरी लिंक होईना

नवशिका_कोडर

नमस्कार मंडळी, डोकं बधिर झालंय म्हणून इथे टाकतोय. माझ्याकडे एक जुनी सी लायब्ररी आलीये, लिबचित्र म्हणू तिला, खरं नाव देता येत नाही. पीएनजी फाइल उघडून पिक्सेल काढून देते, शिवाय तिचा स्वतःचा एक कॉम्प्रेस केलेला फॉरमॅट पण आहे. मिळालं काय तर एक हेडर (फंक्शनांची नुसती यादी) आणि एक डॉट ए फाइल (कंपाइल केलेला कोड). ना रीडमी, ना सोर्स. ज्यांनी लिहिली ते केव्हाच सोडून गेलेत.

माझा प्रोग्राम सी++ चा, उबुंटू, जीसीसी. आधी "चित्र.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" असं येत होतं, ते कॅपिटल आय लावून इन्क्लूडचा फोल्डर दाखवला तेव्हा गेलं, मला वाटलं सुटलो. आता हे बघा

अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'चित्र_ओपन(चार कॉन्स्ट*)'
अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'चित्र_क्लोज(चित्र_टी*)'
कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस

फोनवरून टाइप करतोय म्हणून कमांड शब्दांत सांगतो: जी++ नंतर कॅपिटल आय आणि कॅपिटल एलने दोन्ही फोल्डर, मग स्मॉल एलने झेड, पीएनजी, चित्र या क्रमाने, आणि सगळ्यात शेवटी मेन.सीपीपी. फोल्डरमध्ये लिबचित्र.ए आहे, स्पेलिंग तपासलं, परमिशन तपासली. फंक्शन हेडरमध्ये आहे म्हणजे लायब्ररीत असणारच ना? मग सापडत का नाही??

---

कॉपीपेस्ट_काका

भावा सरळ ती डॉट ए फाइल सुडो मारून यूएसआर-लिब मध्ये कॉपी कर आणि हेडर यूएसआर-इन्क्लूड मध्ये. मी नेहमी असंच करतो, पाथची कटकटच राहत नाही.

---

टर्मिनल_ताई

काका, नको हो असले सल्ले 🙏 त्या फोल्डरवर पॅकेज मॅनेजरचा ताबा असतो, उद्या त्याच नावाची फाइल अपडेटमधून आली की तुमची गेली, आणि कुठली फाइल कोणी ठेवली ते शोधत बसा. ठेवायचीच तर यूएसआर-लोकल आहे की. आणि मुळात त्याचा प्रॉब्लेम पाथचा नाहीच. लायब्ररीची फाइल सापडली नसती तर एलडी (लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) सरळ "कॅननॉट फाइंड डॅश एल चित्र" म्हणून ओरडला असता. इथे तसं काही नाहीये, म्हणजे फाइल सापडलीये पण तिच्यातून हवं ते नाव मिळालेलं नाही. या दोन एररचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

---

एलडी_वेडा

ताई बरोबर बोलल्या. नवशिका, तुझ्या एररमध्येच उत्तर आहे, फक्त नीट बघ: चित्र_ओपन च्या पुढे कंस आहे आणि कंसात आर्ग्युमेंटचे टाइप आहेत. सी च्या सिम्बॉलला (कंपाइल झालेल्या फाइलमधल्या नावाला) कंस नसतो! सी मध्ये फंक्शनचं नाव ऑब्जेक्ट फाइलमध्ये आहे तसं जातं, चित्र_ओपन म्हणजे चित्र_ओपन. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन चालतात म्हणून कंपायलर नावातच टाइप कोंबतो. तू टर्मिनलवर एनएम मेन.ओ (एनएम म्हणजे फाइलमधली नावं दाखवणारी कमांड) करून बघ (आधी स्मॉल सी लावून नुसतं कंपाइल कर म्हणजे मेन.ओ मिळेल), तुला असलं काहीतरी दिसेल

यू _झेड११चित्र_ओपनपीकेसी

यातलं ११ म्हणजे नावाची इंग्रजीतली लांबी अंडरस्कोर धरून, आणि पुढचं पी के सी म्हणजे पॉइंटर, कॉन्स्ट, चार (कॅरेक्टर). सुरुवातीचा यू म्हणजे "मला हे हवंय पण माझ्याकडे नाही". आता एनएम लिबचित्र.ए करून बघ, तिथे टी अक्षरापुढे नुसतं चित्र_ओपन असेल. टी म्हणजे "हे माझ्याकडे आहे". एक मागतोय शेपटीसकट नाव, दुसऱ्याकडे आहे बिनशेपटीचं. लिंकरला दोन्ही वेगळी नावं वाटतात, त्याला टाइप-बिइप काही कळत नाही, तो फक्त अक्षरं जुळवतो.

हेडर सी वाल्यांनी सी साठीच लिहिलेलं दिसतंय. तुझ्या मेन.सीपीपी मध्ये त्या इन्क्लूडच्या ओळीभोवती

एक्स्टर्न "सी" {
#इन्क्लूड "चित्र.एच"
}

असं कर, म्हणजे कंपायलर या नावांना शेपटी लावणार नाही. हेडर तुमच्याच ताब्यात असेल तर हेच हेडरच्या आत __सीप्लसप्लस च्या इफडेफमध्ये (फक्त सी++ असेल तरच लागू होणारी अट) घाल, मग सी आणि सी++ दोघांनाही चालतं. पीएनजी आणि झेडलिबच्या हेडरमध्ये ही सोय आधीपासून असते, म्हणून त्यांच्याबाबतीत तुला कधी हे जाणवलं नसेल.

---

नवशिका_कोडर

केलं सर. काहीच फरक नाही :( तीच एरर.

अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'चित्र_ओपन'
अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'चित्र_क्लोज'

एनएम मध्ये मात्र लायब्ररीत टी चित्र_ओपन स्पष्ट दिसतंय!! म्हणजे आहे तर आहे मग देत का नाही.

---

एलडी_वेडा

अरे तीच कुठे आहे, कंस गेला की! म्हणजे आता नावं जुळली. आता फक्त क्रम राहिला.

लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि सोबत एक यादी ठेवतो, कुठली नावं हवीत पण अजून मिळाली नाहीत त्याची. डॉट ए म्हणजे काय तर बऱ्याच डॉट ओ फाइल्सचं गाठोडं. लिंकर त्या गाठोड्यापाशी आला की यादीतलं एखादं नाव आत आहे का एवढंच बघतो, असेल तर तेवढीच डॉट ओ उचलतो, नसेल तर पुढे निघून जातो आणि *परत मागे वळत नाही*. तुझ्या कमांडमध्ये लायब्ररी आधी आणि मेन.सीपीपी शेवटी. म्हणजे तो लिबचित्रपाशी आला तेव्हा यादीत चित्र_ओपन नव्हतंच, कारण ते मागणारा मेन अजून आलाच नव्हता. गाठोडं न उघडताच पुढे गेला, मग मेन आला, त्याने मागितलं, आणि मागून देणारं कोणी उरलं नाही.

म्हणून जो मागतो तो आधी, जो देतो तो नंतर. मेन.सीपीपी पहिला, मग चित्र, मग चित्रला जे लागतं ते म्हणजे पीएनजी, मग पीएनजीला लागणारं झेड, आणि शेवटी एम (गणिताची लायब्ररी).

---

नवशिका_कोडर

मी मेन.सीपीपी पुढे आणला पण बाकीचा क्रम तसाच ठेवला (झेड, पीएनजी, चित्र) कारण एका ठिकाणी वाचलं होतं की क्रम फक्त डॉट ए ला लागतो, डॉट एसओ ला (शेअर्ड लायब्ररी, प्रोग्राम चालवताना जोडली जाते) नाही, आणि पीएनजी, झेड दोन्ही माझ्याकडे डॉट एसओ आहेत. आता चित्र_ओपन ची एरर गेली 🎉 पण नवीन आल्या, आणि यातली एक तर भुताटकीच आहे

लिबचित्र.ए(रीड.ओ): अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'पीएनजी_क्रिएट_रीड_स्ट्रक्ट'
लिबचित्र.ए(पॅक.ओ): अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'इन्फ्लेटइनिट_'

हे शेवटी अंडरस्कोर असलेलं इन्फ्लेटइनिट काय प्रकार आहे? झेडलिबच्या डॉक्युमेंटेशनमध्ये इन्फ्लेटइनिट आहे, बिन-अंडरस्कोरचं. व्हर्जन चुकीचं आहे का?

---

टर्मिनल_ताई

भुताटकी नाही, ती झेडलिबची हुशारी आहे. इन्फ्लेटइनिट हे फंक्शन नाहीच, मॅक्रो आहे. झेडलिब.एच उघडून बघ, खाली शेवटाकडे सापडेल. तू इन्फ्लेटइनिट लिहिलंस की प्रीप्रोसेसर त्याचं इन्फ्लेटइनिट_ करतो आणि सोबत दोन गोष्टी गुपचूप पाठवतो: हेडरमधला व्हर्जन नंबर आणि झेड_स्ट्रीम या स्ट्रक्टचा साइझ. लायब्ररी चालू झाली की ती हे दोन्ही स्वतःशी ताडून बघते, व्हर्जनचा पहिला आकडा किंवा साइझ जुळला नाही तर झेड_व्हर्जन_एरर परत देते. म्हणजे एका व्हर्जनचं हेडर आणि दुसऱ्याची लायब्ररी असा घोळ झाला तर मेमरी बिघडण्याऐवजी निदान सभ्यपणे नाही म्हणते. सगळ्याच लायब्ररींनी असं करायला हवं खरं तर.

आणि डॉट एसओ ला क्रम लागत नाही हे पूर्वी चालून जायचं. उबुंटूमध्ये ११.१० पासून जीसीसी लिंकरला ॲज-नीडेड हा ऑप्शन आपोआप पाठवतो. त्याचा अर्थ, डॉट एसओ समोर आली तेव्हा तिच्यातलं काही कोणी मागितलेलं नसेल तर ती लायब्ररी सोडून द्यायची. तुझं झेड आणि पीएनजी आधी आलं, तोवर मेनने त्यातलं काहीच मागितलं नव्हतं, सोडून दिलं. मग चित्र आली आणि तिने मागितलं. म्हणूनच एकाची कमांड एका डिस्ट्रोवर चालते आणि तीच दुसऱ्यावर आपटते, आणि लोक एकमेकांना "माझ्याकडे तर चालतंय" म्हणत बसतात.

एररमध्ये लिबचित्र.ए(पॅक.ओ) असं लिहिलंय त्याकडेही लक्ष दे, *कोण मागतंय* ते त्यात असतं. तुझा कोड नाही, लायब्ररीच्या आतली पॅक.ओ मागतेय. त्यावरूनच कळतं की झेड हे चित्रच्या नंतर हवं.

---

मॅकवाला_मन्या

माझ्याकडे मॅकवर मी कसाही क्रम दिला तरी लिंक होतं 😎

---

एलडी_वेडा

हो, मॅकचा लिंकर आणि एलएलव्हीएमचा एलएलडी मागच्या आर्काइव्हमधली नावं लक्षात ठेवतात, त्यामुळे क्रम उलटा असला तरी चालून जातं. चांगलंच आहे, पण मग तोच मेकफाइल (बिल्डच्या कमांड लिहिलेली फाइल) दुसऱ्याच्या लिनक्सवर जीएनयू एलडी समोर गेला की शिव्या त्याला बसतात. तुमच्याकडे वेगळ्या भानगडी आहेत, "सिम्बॉल(स) नॉट फाउंड फॉर आर्किटेक्चर" आलं की निम्म्या वेळा इंटेलसाठी बांधलेली लायब्ररी एआरएम मशीनवर जोडायचा प्रयत्न चाललेला असतो. होमब्रू (मॅकवर लायब्ररी टाकायचं साधन) सुद्धा नव्या मशीनवर ऑप्ट-होमब्रू मध्ये टाकतो आणि जुन्यावर यूएसआर-लोकल मध्ये, जुना पाथ तसाच कॉपी केला की संपलं.

नवशिका, अजून एक, पीएनजीसाठी हाताने फ्लॅग लिहूच नकोस, पीकेजी-कॉन्फिग ला विचार. डॅश डॅश सीफ्लॅग्स दिलं की हेडरचा पाथ सांगतो, डॅश डॅश लिब्स दिलं की लायब्ररी. त्याचं आउटपुट कमांडमध्ये चित्रच्या *नंतर* टाक. दोन लायब्ररी एकमेकींनाच मागत असतील (जुन्या कोडमध्ये असतं असं) तर स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुप यांच्यामध्ये दोघींना ठेवायचं, मग लिंकर तेवढ्यातल्या तेवढ्यात फेऱ्या मारतो.

---

नवशिका_कोडर

क्रम बदलला, मेन मग चित्र मग पीएनजी मग झेड मग एम. अनडिफाइन्ड रेफरन्स सगळे गेले!! पण आता

रीलोकेशन आर_एक्स८६_६४_३२ अगेन्स्ट '.आरओडेटा' कॅन नॉट बी यूज्ड व्हेन मेकिंग अ पीआयई ऑब्जेक्ट. रीकंपाइल विथ डॅश एफपीआयई

रीकंपाइल कसं करू, सोर्सच नाहीये ना माझ्याकडे.

---

एलडी_वेडा

हे अपेक्षितच होतं, लायब्ररी जुनी आहे म्हणालास तेव्हाच शंका आली होती. पूर्वी प्रोग्राम मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर चढायचा, त्यामुळे कंपायलर ३२ बिटांत बसणारे पक्के पत्ते कोडमध्ये लिहून टाकायचा. आता सुरक्षेसाठी प्रोग्राम दरवेळी वेगळ्या पत्त्यावर चढतो, त्याला पीआयई म्हणतात, आणि उबुंटूमध्ये १६.१० पासून ६४ बिटला हेच डिफॉल्ट आहे. तुझी डॉट ए त्याआधीच्या पद्धतीने बांधलेली असणार, तिच्यातले पक्के पत्ते हलवता येत नाहीत.

सोर्स नाही म्हणजे एकच मार्ग, लिंक करताना नो-पाय दे (डॅश नो डॅश पीआयई). प्रोग्राम जुन्या पद्धतीने बनेल. चालेल, पण बाहेरून आलेल्या पीएनजी फाइल उघडणारा प्रोग्राम आहे हा, त्याची एक सुरक्षा कमी होतेय हे ज्याला कळायला हवं त्याला कळव, आणि सोर्स कुठे पडून आहे का ते शोधायला लाव. त्या डॉट ए ची शेअर्ड लायब्ररी मात्र बनवता येणार नाही, तिथे नो-पाय कामाला येत नाही.

---

नवशिका_कोडर

झालंऽऽऽ! चाललं! पिक्सेल दिसले!

आणि हे आनंदाने टेस्टिंगवाल्या मशीनवर नेलं तर तिथे "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबपीएनजी१६.एसओ.१६: कॅननॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल". कॅपिटल एलने पाथ दिला होता तो विसरतो का हा?

---

टर्मिनल_ताई

कॅपिटल एल फक्त लिंक करतानाच्या वेळेपुरता असतो, तो पाथ प्रोग्राममध्ये लिहिला जात नाही. प्रोग्राममध्ये जातं ते फक्त नाव, लिबपीएनजी१६.एसओ.१६ एवढंच. रीडएल्फ ला स्मॉल डी देऊन चालव, नीडेड अशा ओळी दिसतील तेच ते. चालवताना ते नाव शोधायचं काम लिंकर करत नाही, लोडर करतो, आणि तो शोधतो त्याच्या ठरलेल्या जागी. आता त्या मशीनवर पीएनजी बहुधा टाकलेलीच नाही. तिथे डेव्ह पॅकेज लागत नाही हां, नुसतं रनटाइम पॅकेज टाक. डेव्ह मध्ये हेडर आणि बिन-नंबरची डॉट एसओ असते, ती बांधताना लागते. चालवताना नंबरवाली पुरते. (याच्या उलटही होतं, लोकांकडे नुसतं रनटाइम असतं, लायब्ररी डोळ्यांना दिसत असते, आणि तरी एलडी म्हणतो कॅननॉट फाइंड. कारण तो लिबपीएनजी.एसओ शोधतो आणि यांच्याकडे पुढे १६ आकडा लावलेली असते.)

यूएसआर-लोकल मध्ये स्वतः बांधून टाकली असेल तर एकदा सुडो एलडीकॉन्फिग मार, लोडर स्वतःची कॅश वाचतो आणि ती कॅश जुनीच राहिलेली असते.

---

कॉपीपेस्ट_काका

एलडी_लायब्ररी_पाथ एक्सपोर्ट करून बॅशआरसी मध्ये टाकलं की प्रश्न मिटला 😁

---

टर्मिनल_ताई

काका 😂 तपासून बघायला एकदा कमांडच्या आधी लावा, हरकत नाही. बॅशआरसी मध्ये कायमचं टाकलंत तर त्या शेलमधून चालणारा *प्रत्येक* प्रोग्राम आधी तुमच्या फोल्डरमधल्या लायब्ररी उचलणार, मग एक दिवस भलताच प्रोग्राम पडेल आणि कारण सापडणार नाही. लायब्ररी प्रोग्रामसोबतच द्यायची असेल तर आरपाथ मध्ये (लायब्ररी शोधायचा पाथ, प्रोग्राममध्येच लिहिलेला) डॉलर-ओरिजिन द्या, म्हणजे लोडर प्रोग्राम जिथे आहे तिथून शोधतो. फक्त शेलमध्ये सिंगल कोट लावा, नाहीतर शेल डॉलरलाच खाऊन टाकतो आणि रिकामा पाथ जातो.

---

फ्लोट_फुगा

मध्येच घुसतोय माफ करा, धागा चालूच आहे तर माझंही सांगा. माझा कोड साध्या सी मध्ये, जीसीसी. उदाहरण म्हणून स्क्वेअर रूट ऑफ २.० प्रिंट केलं तर लिंक होतं. तेच युजरकडून आकडा घेऊन एक्स चं स्क्वेअर रूट काढलं तर अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'एसक्यूआरटी'. मॅथ.एच इन्क्लूड केलंय दोन्हीकडे. एकच फंक्शन कधी आहे कधी नाही असं कसं?

---

एलडी_वेडा

कारण पहिल्या कोडमध्ये ते फंक्शन बोलावलंच जात नाही. २.० हा आकडा आधीच माहीत आहे, मग जीसीसी उत्तर कंपाइल करतानाच काढतो आणि थेट १.४१४२... लिहून मोकळा होतो. ऑप्टिमायझेशन बंद असलं तरी करतो. एक्स काय येणार ते त्याला माहीत नसतं म्हणून तिथे खरोखरचा कॉल जातो, आणि ते फंक्शन वेगळ्या लिबएम मध्ये असतं. शेवटी डॅश स्मॉल एल एम लाव, शेवटीच लाव. इन्क्लूडने फक्त "असं फंक्शन आहे" एवढं कंपायलरला कळतं, कोड येत नाही. जी++ ने लिंक केलंस तर एम तो आपणहून जोडतो म्हणून सी++ वाल्यांना हे कधी भेटत नाही.

थ्रेडचंही तसंच आहे, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ (२०२१) पासून पीथ्रेड तिच्यातच गेलं, त्यामुळे नव्या मशीनवर डॅश पीथ्रेड विसरलं तरी लिंक होतं. तोच मेकफाइल जुन्या सर्व्हरवर नेला की रडतो. लिहीत जा, खर्च काही नाही.

---

जुनाट_मेकफाइल

जुन्या लायब्ररीचा *सोर्स* मिळाला म्हणून खूश होणाऱ्यांसाठी पण दोन शब्द. जीसीसी १० (२०२०) पासून एफनोकॉमन डिफॉल्ट झालंय. हेडरमध्ये एक्स्टर्न न लावता ग्लोबल व्हेरिएबल टाकायची सवय होती जुन्यांना, ते पूर्वी गुपचूप एकत्र व्हायचे, आता मल्टिपल डेफिनिशन म्हणून दहा ओळींची बोंब. बरोबर उपाय म्हणजे हेडरमध्ये एक्स्टर्न आणि एकाच डॉट सी मध्ये खरी व्याख्या. घाई असेल तर डॅश एफकॉमन देऊन वेळ मारून न्या.

आणि जीसीसी १४ पासून घोषणा न केलेलं फंक्शन बोलावलं की सरळ एररच येते. आधी वॉर्निंगवर भागायचं, कंपायलर समजायचा की इंट परत येतंय. पॉइंटर परत देणारं फंक्शन असेल तर ६४ बिटवर अर्धा पत्ता कापला जायचा आणि मग सेगफॉल्ट भलत्याच ओळीवर. एरर केली ते उत्तमच केलं, तरी कॉन्फिगर स्क्रिप्टवाल्या जुन्या पॅकेजमध्ये हे फार फसवं होतं: स्क्रिप्टचा छोटा चाचणी प्रोग्रामच या एररने पडतो, स्क्रिप्ट म्हणते "ही सोय या मशीनवर नाही", आणि बिल्ड हसतहसत पूर्ण होतो, फक्त अर्ध्या सोयी गायब. असं वाटलं की कॉन्फिग.लॉग उघडून खरी एरर बघायची.

---

नवशिका_कोडर

टेस्टिंग मशीनवर रनटाइम पॅकेज टाकलं, चालू झालं. ताई, वेडा सर, दोघांनाही खूप धन्यवाद. चालणारी कमांड पुढच्यासाठी: जी++, डॅश नो-पाय, कॅपिटल आय, मेन.सीपीपी, कॅपिटल एल, मग स्मॉल एलने चित्र, पीएनजी, झेड, एम. हेडरमध्ये एक्स्टर्न "सी" चं इफडेफ घालून ठेवलंय.

एकच शेवटचं, हेच सीमेकमध्ये (बिल्ड आपोआप करणारं साधन) नेताना चित्रला पीएनजी-झेड लागतात हे दरवेळी प्रत्येक प्रोग्रामसाठी लिहायला लागेल का?

---

टर्मिनल_ताई

नाही. चित्रसाठी एक इम्पोर्टेड स्टॅटिक टार्गेट बनव, त्याच्या इम्पोर्टेड लोकेशनमध्ये डॉट ए चा पाथ दे आणि टार्गेट_लिंक_लायब्ररीज ने त्यालाच इंटरफेस म्हणून पीएनजी::पीएनजी आणि झेडलिब::झेडलिब जोड (फाइंड_पॅकेजने मिळतात). इम्पोर्टेड टार्गेटला हे ३.११ पासून चालतं, जुनं सीमेक असेल तर आधी ते बघ. मग प्रोग्रामला नुसतं चित्र जोडायचं, बाकीचं मागून योग्य क्रमाने येतं. नो-पाय मात्र प्रोग्रामच्या लिंक ऑप्शनमध्ये हातानेच घाल.